कोणत्या वेळी कोणता कॅमेरा

बेळगाव जिल्ह्यात फोटो काढणाऱ्याला वर्षभरात फार वेगवेगळ्या तऱ्हेचा प्रकाश आणि हवा भेटते. पश्चिमेला खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीचा पट्टा जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुक्यात आणि पावसात बुडालेला असतो, तर पूर्वेला सौंदत्ती, रायबाग, अथणीकडे उघडी काळी जमीन आणि डोळे दिपवणारे ऊन असते. या दोन टोकांच्या मध्ये शहरातल्या अरुंद गल्ल्या, जुनी दगडी देवळे, तांबड्या मातीचे आखाडे आणि रात्रभर चालणाऱ्या मिरवणुका आहेत. एकाच कॅमेऱ्यावर हे सगळे भागवावे अशी इच्छा प्रत्येकाला असते, मलाही होती. पण या भागात फिरणाऱ्या माणसाला ती फार काळ धरून ठेवता येत नाही. "कुठला कॅमेरा चांगला?" असे मला कोणी विचारले की मी आधी, कशाचा फोटो काढायचा आहे, कुठे आणि किती वाजता, हे विचारून घेतो. प्रत्येक कॅमेऱ्याला काही गोष्टी जमत नाहीत, मग त्याची किंमत कितीही असो. जो फोटो काढायचा आहे त्यात ज्या कॅमेऱ्याची उणीव आड येत नाही, तो त्या वेळेपुरता योग्य कॅमेरा, असे माझे मत अनुभवाने बनले आहे.

या उणिवा बऱ्याच अंशी सेन्सरच्या, म्हणजे लेन्समागच्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, आकारातून येतात, म्हणून तेवढे गणित आधी सांगतो. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने निम्म्याहून कमी असतो. लहान कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत मिळणारा 'एक इंची' सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, आणि बहुतेक चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर फुल-फ्रेमच्या दहाव्या-बाराव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही लहान असतो. सेन्सर मोठा असेल तर तेवढ्याच वेळात तो जास्त प्रकाश गोळा करतो आणि अंधारात चित्र स्वच्छ राहते. पण त्यासाठी लेन्सही मोठी, जड आणि महाग होते, शिवाय फोकस अगदी पातळ थरात राहतो. सेन्सर लहान असेल तर अंधारात दाणे दिसू लागतात. उलट जवळच्या वस्तूंचा फोटो काढताना पुढून मागपर्यंत बरेच काही स्पष्ट येते. यातले काहीही चांगले किंवा वाईट म्हणता येत नाही, कारण समोर काय आहे त्यावर ते ठरते.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी घ्या. रट्ट राजवटीत १२०४ साली बांधलेले हे जैन मंदिर काळ्या दगडाचे आहे. मंडपाच्या छतातून खाली उतरलेले दगडी कमळ आणि चरकावर घासून गुळगुळीत केलेले खांब पाहायला लोक येतात, पण आत प्रकाश जवळजवळ दारातूनच येतो. दाराकडचा उजेड लख्ख असतो आणि गाभाऱ्याकडे जावे तसा अंधार दाटत जातो. तिथे फोनने फोटो काढला तर फोन आपणहून तीन-चार किंवा त्याहून जास्त चित्रे एकत्र करतो आणि सावल्या उजळवून टाकतो. फोटो स्पष्ट येतो खरा, पण काळा दगड राखाडी होतो, खांबांवरची चकाकी चपटी होते आणि त्या मंडपात उभे राहिल्यावर जो अंधार जाणवतो तो चित्रातून निघून जातो. माझ्या दृष्टीने ती मोठी हानी आहे. तिथे मी फुल-फ्रेम मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) नेतो, २४ मिलिमीटरची रुंद कोनाची लेन्स लावतो आणि दाराकडचा उजेड जळून पांढरा पडणार नाही इतपतच एक्स्पोजर (सेन्सरवर पडू द्यायचा प्रकाश) ठेवतो. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न करता ठेवलेल्या मूळ फाइलमध्ये, सावलीतला तपशील शिल्लक असतो, तो घरी हवा तेवढाच वर काढता येतो. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे हातात धरूनच काढावे लागते. पण बॉडीतच स्थिरीकरण असलेल्या कॅमेऱ्यावर खांबाला पाठ टेकवून श्वास रोखला तर १/८ सेकंदालाही चित्र स्थिर येते. कॅमेरा जड आहे, महाग आहे, लोकांच्या डोळ्यांत भरतो. पण दगड कॅमेऱ्याला बुजत नाही, म्हणून या उणिवा इथे आड येत नाहीत. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात आणि देगावच्या कमलनारायण मंदिरातही मी हाच कॅमेरा वापरतो.

माणसांच्या बाबतीत मात्र हाच कॅमेरा अडचण होऊन बसतो, आणि हे सीमाभागात विशेष जाणवते. इथे मोठी लेन्स लावलेला माणूस गावात शिरला की तो वर्तमानपत्राचा किंवा चॅनेलचा असणार असे लोक धरून चालतात. कुठल्या पेपरचे, कशासाठी आलात, मराठीत छापणार की कन्नडमध्ये, असे प्रश्न येतात. प्रश्न रास्तच असतात, आणि त्यांची उत्तरे द्यायला माझी हरकत नसते; पण तोवर हातातले काम थांबलेले असते, डोक्यावरचा पदर सारखा झालेला असतो आणि ज्यासाठी थांबलो ते दृश्य संपलेले असते. जुलैत जांबोटीच्या अलीकडे भाताची रोपलावण चालली होती. पाच-सहा बायका ओळीने वाकून चिखलात रोपे खोचत होत्या, पाठीवर प्लॅस्टिकच्या खोळी होत्या आणि एकीच्या डोक्यावर जुने इरले होते. मी बांधावर उभा राहून, फोटो काढला तर चालेल का, असे विचारले. इरलेवाल्या मावशींनी मान वर न करताच म्हटले, "काढ की. पण उभं राहायला लावू नको बघ, पाऊस वाढायच्या आत हा वाफा उरकायचाय." माझ्या हातात तेव्हा खिशात मावणारा, फुल-फ्रेमच्या मापाने २८ मिलिमीटरच्या स्थिर लेन्सचा छोटा कॅमेरा होता. रिकोच्या जीआर मालिकेतले कॅमेरे या कामासाठी प्रसिद्ध आहेत; त्यांत एपीएस-सी आकाराचा सेन्सर इतक्या लहान देहात बसवलेला असतो की समोरच्याला त्याचे दडपण येत नाही. झूम नसल्यामुळे मला बांधावरून खाली उतरून जवळ जावे लागले, आणि जवळ गेल्यामुळेच रोपांच्या जुडीवर आवळलेली बोटे, नखांत शिरलेला चिखल, इरल्याच्या काठावरून मानेवर ठिबकणारे पाणी हे सगळे चौकटीत आले. त्या कामाचा वेग त्यांनी ठरवला होता आणि कॅमेरा त्या वेगाच्या आड आला नाही. माणसांच्या फोटोत मी याच गोष्टीला सर्वांत जास्त महत्त्व देतो.

अर्थात असल्या कॅमेऱ्याला पावसापासून संरक्षण नसते, आणि कणकुंबीकडचा पाऊस छत्रीला जुमानत नाही. धो-धो पावसाच्या दिवशी पुष्कळ लोक पाण्याला दाद न देणारे फोन वापरतात आणि ते बरोबरच आहे. पण स्क्रीनवर थेंब पडायला लागले की फोनला बोट कुठले आणि थेंब कुठला हे कळेनासे होते, फोकस भलतीकडेच जातो. अशा वेळी प्रत्यक्ष बटणे असलेला जलरोधक कॅमेरा उपयोगी पडतो. ऑलिंपसचा २०१९ सालचा टीजी-६ हा त्या जातीचा कॅमेरा आहे. तो वेगळ्या आवरणाशिवाय १५ मीटर खोल पाण्यापर्यंत चालतो, ओल्या हातांनी वापरता येतो आणि चिखलाने भरला तर ओढ्यात धुऊन घेता येतो. त्याचा सेन्सर फोनच्या सेन्सरसारखाच लहान असतो, म्हणून संध्याकाळच्या उजेडात त्याचे चित्र बिघडते. पण त्याच लहान सेन्सरमुळे तो भीमगडच्या जंगलात मोठ्या कॅमेऱ्याला मागे टाकतो. लेन्सच्या पुढे एक सेंटिमीटरवर असलेल्या वस्तूवरही तो फोकस करतो. कुजक्या ओंडक्यावर उगवलेली नखाएवढी अळंबी किंवा पानाच्या टोकाला चिकटलेला बेडूक फुल-फ्रेमवर मॅक्रो लेन्सने टिपायचा तर फोकसचा थर इतका पातळ असतो की डोळा स्पष्ट आला तर नाकाडाचे टोक धूसर होते. ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) बारीक केले तर प्रकाश पुरत नाही आणि फ्लॅश जोडावा लागतो. लहान सेन्सरवर तोच बेडूक नाकापासून मागच्या पायापर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट येतो. जिथे थांबून, गुडघ्यावर बसून, जळवा झटकत फोटो काढायचा आहे तिथे याचे मोल फार आहे.

धुक्याबद्दल एवढेच सांगतो की फोनला धुके हा दोष वाटतो आणि तो काढून टाकायचा प्रयत्न करतो. दऱ्यांवर तरंगणारे धुकेच ज्याला हवे आहे त्याने साधा कॅमेरा घ्यावा, एक्स्पोजर एखादा स्टॉप, म्हणजे दुपटीने, वाढवावा, नाहीतर सगळे करडे येते, आणि फोकस लागत नसेल तर हाताने लावावा.

गोकाकच्या धबधब्यावर बहुतेकांना फोन पुरतो. घटप्रभा तिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, पावसाळ्यात पाणी गढूळ तांबूस असते आणि दिवसा उजेड मुबलक असतो. तुषार उडाले तर फोनची चिमुकली लेन्स रुमालाने पुसता येते. पाण्याचा प्रवाह रेशमी दिसावा असे वाटत असेल तरच ट्रायपॉड, प्रकाश अडवणारा एनडी फिल्टर आणि वेगळा कॅमेरा यांचे ओझे वाहण्यात अर्थ आहे. मला स्वतःला त्या पाण्याचा जोर दिसायला हवा असतो, म्हणून मी ते करत नाही.

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर किंवा चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत मात्र फोन हाच सर्वांत शहाणा पर्याय आहे, आणि त्याचे कारण भंडारा आहे. हवेत उधळलेली हळद इतकी बारीक असते की ती जिथे फट असेल तिथे शिरते. झूम करताना पुढे-मागे सरकणारी लेन्स प्रत्येक हालचालीबरोबर हवा आत ओढते आणि हवेबरोबर हळदही. बाहेर येणाऱ्या नळीचा कॉम्पॅक्ट कॅमेरा तर अशा धुळीने जागीच अडकू शकतो. फोनमध्ये बाहेर सरकणारे काहीच नसते. मोठाच कॅमेरा न्यायचा असेल तर एकच स्थिर लेन्स घरूनच लावून न्यावी आणि परत येऊन बॉडी बाहेरून स्वच्छ पुसेपर्यंत ती उतरवू नये.

कुस्तीचा आखाडा म्हणजे अगदी वेगळी परीक्षा असते. आनंदवाडीच्या आखाड्यासारख्या ठिकाणी लहान कुस्त्या दुपारी उन्हात सुरू होतात आणि मोठ्या जोडी मैदानात उतरेपर्यंत दिवस मावळून दिवे लागलेले असतात. प्रेक्षक कडेने बसलेले, पैलवान मध्यभागी, म्हणजे अंतर बरेच असते. पैलवान बराच वेळ एकमेकांच्या मानेवर हात टाकून, कपाळाला कपाळ लावून अंदाज घेत राहतात आणि मग कुणीतरी पटात शिरतो. पुढचे सगळे सेकंदाच्या आत होते. फोनला अशा उजेडात एक चित्र बनवायला जास्त वेळ लागतो आणि तो अनेक चित्रे एकत्र करतो, त्यामुळे हलणाऱ्या हातापायांचा लगदा होतो. इथे मला अजूनही माझी जुनी एपीएस-सी डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) सर्वांत विश्वासाची वाटते. ७०-२०० मिलिमीटरची एफ/२.८ (मोठ्या छिद्राची) लेन्स तिच्यावर फुल-फ्रेमवरच्या १०५ ते ३०० मिलिमीटरसारखी दिसते, म्हणजे कडेला बसून पैलवानाच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचता येते. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा थेट आखाडाच पाहत असतो, पडद्यावर उमटणारे त्याचे चित्र नव्हे, त्यामुळे विलंब असा नसतो. बॅटरी शेवटच्या जोडीपर्यंत टिकते. शटर १/८०० सेकंद ठेवतो, निदान १/५००च्या खाली जाऊ देत नाही, आणि त्यासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० करावा लागला तरी करतो. चित्रात दाणा येतो. पण पाठ टेकायच्या क्षणी खालच्या पैलवानाने मानेवर तोललेले सगळे अंग, दंडाला चिकटलेली तांबडी माती, पंचाचा जमिनीला लागलेला गाल, हे स्पष्ट असेल तर दाण्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

पक्ष्यांसाठी लोक मोठ्या झूमचे, लेन्स न बदलता येणारे ब्रिज कॅमेरे घेतात, त्यांबद्दल माझे मत मिश्र आहे. निकॉनचा पी९०० हा २०१५ साली आलेला कॅमेरा फुल-फ्रेमच्या मापाने २४ ते २००० मिलिमीटर इतका झूम देतो, आणि उघड्या माळावर भर उन्हात पक्षी ओळखण्यापुरता फोटो त्यावर सहज मिळतो. पण भीमगडच्या दाट झाडीत पहाटे फळाला आलेल्या झाडावर धनेश बसलेला असतो तेव्हा त्या छोट्या सेन्सरला उजेड पुरत नाही आणि पिसांचा तपशील पुसला जातो. तिथे एपीएस-सी बॉडीवर ३०० किंवा ४०० मिलिमीटरची लेन्स लावून पक्षी चौकटीत लहान राहिला तरी चालवून घ्यावे.

शहरातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीने मला सर्वांत जास्त शिकवले. मारुती गल्ली, गणपत गल्लीसारख्या चिंचोळ्या रस्त्यांवरून रात्रभर ट्रॉली सरकत असतात आणि त्यांवर माणसे जिवंत देखावा उभा करतात. जनरेटरवर चालणारे दिवे, रंगीत एलईडी, मागून येणारे हॅलोजन असा तीन जातींचा उजेड एकाच चौकटीत असतो. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. मिररलेस कॅमेऱ्याचे इलेक्ट्रॉनिक शटर चित्र वरून खाली क्रमाने वाचत जाते, आणि वाचता वाचता दिवा मंद-तेज झाला की चित्रावर आडवे काळे पट्टे उमटतात. म्हणून मिरवणुकीत आणि मंगल कार्यालयातही मी आवाजाची पर्वा न करता मेकॅनिकल शटर लावतो आणि जमेल तिथे १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवतो. जनरेटरची वारंवारता नेहमी नेमकी नसते आणि एलईडीची लुकलुक तर वेगळ्याच गतीची असते, तेव्हा मागच्या पडद्यावर चित्र मोठे करून पट्टे आलेत का ते पाहावे. कॅमेरा फुल-फ्रेम मिररलेस, लेन्स ३५ मिलिमीटरची एफ/१.८. गल्लीत मागे सरकायला जागा नसते, त्यामुळे लांबची लेन्स निरुपयोगी ठरते. सुदैवाने देखाव्यातली माणसे पुतळ्यासारखी स्थिर उभी असतात. महाराजांच्या वेशातल्या तरुणाने पापणी लवू न देता धरलेली मुद्रा १/५० सेकंदाला उत्तम येते, आणि त्याच्यापुढे झांज वाजवणारी पोरे किंचित हललेली आली तर मिरवणुकीची गती कळते. इथे गर्दीत प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो, त्यामुळे मोठ्या कॅमेऱ्याने कुणी बुजत नाही.

एक काम असे आहे की ज्यासाठी कॅमेऱ्याची निवड फारसे कुणी गंभीरपणे करत नाही, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाशी मोडी लिपीतले कागद आहेत: खरेदीखते, वाटणीपत्रे, देवस्थानाच्या नोंदी. भिंतीवर आजोबा-पणजोबांचे काचेतले फोटो आहेत. त्यांना वाळवी, ओल आणि घडीवरची चीर यांनी ग्रासले आहे. घरातली मुले फोनवरच्या स्कॅनिंगच्या सोयीने त्यांचे फोटो काढून ठेवतात, आणि काहीच नसण्यापेक्षा ते नक्कीच बरे. पण ती सोय कागद पांढराशुभ्र आणि शाई काळीकुट्ट करून टाकते. मोडी लिहिताना बोरू शक्यतो न उचलता ओढलेला असतो, त्यामुळे दोन अक्षरांमधली फिकट रेघही वाचणाऱ्याला उपयोगाची असते, आणि स्कॅनमध्ये पहिली तीच नाहीशी होते. शिक्क्याचा विटलेला रंगही जातो. असे कागद सपाट ठेवून, कॅमेरा ट्रायपॉडवर कागदाला अगदी समांतर रोखून, ५० किंवा ६० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने एफ/८ वर, खिडकीच्या मऊ उजेडात आणि रॉ स्वरूपात टिपावेत. बाजूला मोजपट्टी ठेवावी म्हणजे मूळ आकार कळतो. काचेतल्या फोटोवर झळाळी येत असेल तर थोड्या तिरक्या कोनातून पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावून ती कमी करता येते. एका वाड्यात आजोबांनी मला आधीच बजावले होते, "कागद उंबऱ्याबाहेर जायचा न्हाई बघ. काय करायचं ते हितं सोप्यात कर." त्यांचे बरोबर होते. स्कॅनर घरोघर नेता येत नाही, कॅमेरा आणि ट्रायपॉड नेता येतो, आणि सोप्याच्या दाराशी सकाळी दहाच्या सुमारास या कामाला हवा तसा उजेड असतो. इथे वजन, वेळ, किंमत यांतले काहीही वाचवू नये.

इतके कॅमेरे एका माणसाने बाळगावेत असे मी कुणालाही सांगणार नाही. माझ्याकडचे पुष्कळ वर्षांत एकेक करून, बरेचसे जुन्यात घेतलेले आहेत. माझ्या भाच्याने अलीकडेच विचारले, "मामा, एकच घ्यायचा तर कुठला घेऊ?" त्याचा फोन चांगला आहे, म्हणजे भर उजेडातले प्रसंग, प्रवास, व्हिडिओ, यात्रा हे सगळे त्याचे भागलेले आहे. फोनला जे जमत नाही तेवढेच विकत घ्यायचे होते: अंतर आणि हालचाल. तो तालमीत जातो आणि त्याला कुस्त्यांचेच फोटो काढायचे आहेत. म्हणून मी त्याला वापरलेली एपीएस-सी डीएसएलआर आणि चांगली टेलिफोटो लेन्स बघायला सांगितले. मिररलेसकडे लोक वळल्यामुळे या बॉडी आता बऱ्याच स्वस्तात मिळतात, आणि वाचलेला पैसा लेन्समध्ये घालता येतो. घेताना शटर किती वेळा चालले आहे त्याचा आकडा विचारून घ्यावा. त्याहीपेक्षा, आपल्या भागातल्या चार महिन्यांच्या दमट हवेमुळे, लेन्समधली बुरशी बघावी: दोन्ही झाकणे काढून मागून टॉर्च मारायचा आणि पुढून तिरके पाहायचे. आत बारीक पांढुरके धागे पसरलेले दिसले तर लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. घेतल्यावर ती कपड्यांच्या कपाटात किंवा चामड्याच्या पिशवीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून पुन्हा वापराव्यात. तो येत्या रविवारी एक ७०-२०० पाहायला जाणार आहे, टॉर्च बरोबर घेऊन.